पोलादपूरची इलेक्ट्रिक गिटार

अनंत चतुर्दशीची संध्याकाळ. महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या गावातून मिरवणूक सावित्रीच्या पात्राकडे निघालेली असते. पुढे गुलाल, मागे टेम्पो. टेम्पोच्या हौद्यात जनरेटर धडधडतो, टपावर दोन भोंगे बांधलेले असतात. भोंग्यांखाली मंडळाचा टी-शर्ट घातलेला एक तरुण उभा असतो आणि त्याच्या गळ्यात दीड-दोन हात लांबीची लाकडी पेटी पट्ट्याने अडकवलेली असते. डावा हात पेटीवरच्या बटणांवर पळतो, उजव्या हातातली नखी तारांवर थरथरत राहते. भोंग्यातून येणारा आवाज तीक्ष्ण, धातूचा आणि किंचित नाकातला असतो. तो नदीपलीकडच्या वाडीपर्यंत सहज पोहोचतो.

या आवाजाच्या सख्ख्या भावाला जग इलेक्ट्रिक गिटार म्हणून ओळखते. त्या भावाची चरित्रे लिहिली गेली, त्याची संग्रहालये झाली, त्याच्या वादकांची छायाचित्रे मुलांच्या खोल्यांत लागली. कोकणातल्या भावाचे नाव बेंजो. तो वरातीत आणि विसर्जनात वाजतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची आठवण निघते ती बहुधा शेजाऱ्यांच्या तक्रारीत. हा धागा त्याच्याविषयी.

नात्याचा पुरावा आधी द्यायला हवा. गिटार ‘इलेक्ट्रिक’ होते ती एका लहानशा वस्तूमुळे. त्या वस्तूला पिकअप म्हणतात. लोहचुंबक घ्यायचे, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे द्यायचे आणि ते पोलादी तारांखाली बसवायचे. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. तत्त्व मायकेल फॅरडेचे, १८३१ सालचे. तो प्रवाह अँप्लिफायरने वाढवला आणि कर्ण्यात सोडला की झाले. गिटारचे पोकळ लाकडी पोट, ज्यात आवाज घुमायचा, ते आता केवळ शोभेपुरते उरते.

ही युक्ती अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकेनबॅकर या दोघांनी १९३१च्या सुमारास साधली. १९३२ साली त्यांचे वाद्य विक्रीस आले आणि १९३७ साली बोशाँला त्याचे पेटंट मिळाले. अॅल्युमिनियमची गोल थाळी आणि तिला लांब दांडा अशा रूपामुळे लोकांनी त्याचे नाव ‘फ्राइंग पॅन’ पाडले, म्हणजे चक्क तळणीचा तवा. गंमत अशी की, जगातली ही पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार उभ्याने, छातीशी धरून वाजवण्याची नव्हतीच. ती हवाईयन पद्धतीची होती. बसून, मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवत ती वाजवायची. गिटार म्हटले की डोळ्यांसमोर येणारी ती ऐटबाज मुद्रा नंतरची. १९५०च्या दशकात लिओ फेंडरच्या कारखान्यातून टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर बाहेर पडल्या आणि त्यांनी ती मुद्रा घरोघर पोहोचवली. फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे.

बेंजोही मुळात आडवा ठेवून वाजवण्याचे वाद्य. त्यालाही पोलादी तारा, त्यालाही नखी, त्यालाही पडदे. तारांखाली पिकअप आणि पुढे अँप्लिफायर आला की अंगाने आणि रक्ताने तो गिटारच्या कुळातलाच ठरतो. फरक आहे तो बटणांचा, आणि त्या बटणांसाठी जपानला जावे लागते.

१९१२ साली जपानमध्ये सम्राट मेइजी निवर्तले आणि ‘ताइशो’ नावाचे नवे पर्व सुरू झाले. त्याच वर्षी नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या वादकाने एक वाद्य सिद्ध केले. जपानचे कोतो हे पारंपरिक तंतुवाद्य पुरुषभर लांब, महागडे आणि शिकायला वर्षे खाणारे. मोरिताने लहानशी पेटी घेतली, तिच्यावर तारा ताणल्या आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणे बसवली. बटण दाबले की धातूची पट्टी तारेवर टेकते आणि नेमका स्वर निघतो. बोट कुठे ठेवायचे याची चिंता उरत नाही. नव्या पर्वाच्या नावावरून वाद्याचे नाव पडले ‘ताइशोगोतो’, ताइशो काळाचे कोतो. परदेश प्रवासात पाहिलेल्या टाइपरायटरवरून मोरिताला ही कल्पना सुचली असे सांगतात. ज्याला सूर लावता येत नाही त्यालाही सुरात वाजवता यावे, हा या शोधाचा खरा अर्थ. संगीतशिक्षकांना तो फारसा रुचला नसेल तर त्यात नवल नाही.

मुंबई आणि जपान यांच्यात तेव्हा समुद्रमार्गाने जोरात व्यापार चाले. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई ते कोबे अशी जहाजसेवा सुरू केली होती. हिंदुस्थानी कापसाच्या गासड्या जपानी गिरण्यांकडे जात आणि पुढील दशकांत तिकडून कापड, काचसामान, खेळणी असा स्वस्त जपानी माल येई. १९३०च्या दशकात ताइशोगोतोही हिंदुस्थानात पोहोचले. इकडे त्याला ‘बुलबुल तरंग’ असे गोड नाव मिळाले. ‘जपान बँजो’ असेही लोक म्हणत. त्यातला जपान गळाला आणि उच्चार कोकणी जिभेवर घोळून ‘बेंजो’ झाला.

या नावाइतके चुकीचे नाव वाद्यांच्या इतिहासात क्वचितच सापडेल. खरा बँजो हे गोल तोंडाचे, चामडे ताणलेले वाद्य. अटलांटिकपार गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी तो कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत घडवला. कोकणच्या बेंजोत चामड्याचा तुकडाही नाही. थोडक्यात, वाद्य जपानी, नाव आफ्रिकी-अमेरिकी, वीज फॅरडेची आणि वाजते काय, तर गणपतीची आरती.

जपानहून निघालेले हे वाद्य आणखी कुठे कुठे गेले तेही पाहण्यासारखे आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते ताराब संगीतात शिरले. इंडोनेशियाच्या बाली बेटावर त्याचे स्थानिक रूप झाले. बलुचिस्तानात ते आकाराने वाढले, त्याचे नाव ‘बेंजू’ झाले आणि तिथल्या लोकसंगीतात त्याला एकलवादनाचा मान मिळाला. आणि जन्मभूमी जपानात? तिथे आज ते प्रामुख्याने आजी-आजोबांच्या छंदवर्गांत, रांगेने बसून, शांतपणे वाजवले जाते. पोलादपूरचा टेम्पो त्यांच्यापुढे उभा केला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मुंबईहून कोकणाकडे जाण्याचा रस्ता या वाद्याला कोणी दाखवला, हे समजायला गिरणगावात यावे लागते. लालबाग, परळ, शिवडी, वरळी. कापड गिरण्यांत राबणाऱ्या लाखो कामगारांत रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतली माणसे मोठ्या संख्येने होती. (आजचा रायगड जिल्हा १९८१पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई.) महाड-पोलादपूरच्या डोंगरातली शेती पावसाळ्यापुरती. भात आणि नाचणी निघाली की घरटी एकाने तरी मुंबई गाठायची. चाळीत ‘गावकीची खोली’ असे. एकाच गावचे दहा-वीस गडी पाळ्यांप्रमाणे तिथे झोपत, खानावळीत जेवत आणि दरमहा गावी मनिऑर्डर धाडत. गावाच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, पालखीचा खर्च यांवर त्याच खोलीत चर्चा होई. ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ अशी पाटी ज्या संस्थांवर दिसते त्यांचा जन्म बहुधा अशाच खोल्यांतला.

गिरणगावात सार्वजनिक गणेशोत्सव होता, गोकुळाष्टमीची दहीहंडी होती, लग्नाच्या वराती होत्या आणि या सगळ्यांना वाजंत्री लागे. ब्रास बँड महाग. त्याला गणवेश हवा, पितळी वाद्ये हवीत, फुंकायला छाती हवी आणि शिकवायला उस्ताद हवा. बेंजो स्वस्त, बटणांवर वाजणारा, ऐकून ऐकून शिकता येणारा. त्याला ताशा, ढोल, ढोलकी आणि झांजेची साथ मिळाली की पाच-सात पोरांचे पथक उभे राहते. हीच ‘बेंजो पार्टी’. लाकडी पेटीचा मूळ आवाज मात्र दिवाणखान्यापुरता. ताशापुढे तो ऐकूच येत नाही. म्हणून पिकअप, म्हणून अँप्लिफायर, म्हणून भोंगा. नेमक्या याच कारणाने अमेरिकेत गिटारला वीज जोडावी लागली होती. तिथल्या नाचाच्या बँडमध्ये पितळी वाद्यांच्या गदारोळात गिटारवाल्याची दाद लागत नसे. दोन खंडांत दोन वाद्यांची अडचण एकच आणि तोडगाही एकच.

त्याच मुंबईत, गिरणगावापासून थोड्याच अंतरावर, ‘खऱ्या’ इलेक्ट्रिक गिटारचेही जग वसले होते. व्हॅन शिप्ले हे हिंदी चित्रपटगीतांच्या धुना इलेक्ट्रिक गिटारवर वाजवत आणि त्यांच्या तबकड्या घरोघर पोहोचल्या होत्या. सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर या मराठी संगीतकाराने गोव्याच्या वादकांना हाताशी धरून पाश्चात्त्य ठेका चित्रपटात रुजवला होता. १९७१च्या ‘दम मारो दम’मधली गिटार भूपिंदर सिंग यांची. १९८६ साली धोबी तलावाच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला आणि लांब केसांच्या पोरांना वर्षातून एकदा हक्काचे अंगण मिळाले. पण परदेशी गिटार आणणे म्हणजे आयातशुल्काचा डोंगर ओलांडणे. सामान्य घरातल्या मुलाच्या नशिबी गिब्सन नव्हती, कोलकात्याची ‘गिव्हसन’ होती. ही छपाईची चूक नव्हे. ब्रँडचे नाव खरोखरच गिव्हसन होते आणि त्या नावावर कित्येकांची बोटे सोलली गेली.

रंगभवनातला मुलगा आणि टेम्पोतला मुलगा यांच्यात वास्तविक फारसे अंतर नव्हते. दोघांनाही आवाज मोठा हवा असे. दोघांच्याही बँडला कडक नाव, छापील टी-शर्ट आणि शेजारच्या बँडशी वैर असे. दोघांचेही वडील ‘यातून पोट भरणार का’ असे विचारीत. १९६९च्या वुडस्टॉकमध्ये जिमी हेंड्रिक्सने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवताना गिटार अँप्लिफायरसमोर धरून जी किंकाळी काढली, तिला समीक्षकांनी युगाचा हुंकार म्हटले. बेंजोवाला चुकून भोंग्यासमोर उभा राहिला की अगदी तशीच किंकाळी निघते. तिला ‘अरे, मागे हो’ असे म्हणतात.

बेंजोची एक मर्यादा मान्य करावीच लागेल. गिटारची तार बोटाने ओढून स्वर वाकवता येतो, रडवता येतो. बेंजोवर बटण आणि तार यांच्यामध्ये धातूची पट्टी असते, त्यामुळे मींड जवळजवळ अशक्य. वादकाने त्यावर काढलेला उपाय म्हणजे वेग. नखी इतक्या जलद चालवायची की तुटक स्वरांची अखंड धार व्हावी. त्यावर इको लावला की ती धार आणखी लांबते. बेंजोचा तो ओळखीचा थरथराट उणिवेतून जन्मला आहे.

वाजते काय? आरत्या, कोळीगीते, लावण्या, भीमगीते, कालच्या चित्रपटातले आजचे गाणे आणि वरात रंगात आली की ‘नागिन’. इथे एक छोटे वळण घेतलेच पाहिजे. १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगीची धून, जिच्यावर रुमाल दातात धरून अवघा महाराष्ट्र लोळला, ती पुंगीवर वाजवलेलीच नाही. हेमंतकुमारांच्या संगीत दिग्दर्शनाखाली ती कल्याणजी वीरजी शाह, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले कल्याणजी, यांनी क्लॅव्हिओलिन या विजेवरच्या वाद्यावर वाजवली. क्लॅव्हिओलिन फ्रान्समध्ये १९४७ साली तयार झाले. तेव्हा बेंजोवर ‘नागिन’ ऐकून ‘पारंपरिक वाद्य बिघडवले’ असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे. ती धून जन्मतःच इलेक्ट्रॉनिक आहे.

‘पारंपरिक’ या शब्दापाशी मात्र जरा रेंगाळावे लागेल, कारण गोष्ट खरी इथे आहे.

बेंजोच्या आधी या भागात मिरवणुका वाजत नव्हत्या असे नाही. सनई, ढोल आणि टिमकी यांचा खालूबाजा हे रायगड आणि उत्तर रत्नागिरीचे जुने वैभव. शिमग्याची पालखी आणि लग्नाची वरात त्याच्याशिवाय हलत नसे. खालूबाजाचा ठेका ऐकलेला माणूस तो विसरत नाही. पण जुन्या गावगाड्यात वाजवणे ही बहुतेक ठिकाणी आवडीची बाब नव्हती, ती जन्माने वाट्याला आलेली चाकरी होती. कोणी वाजवायचे, कुठे उभे राहून वाजवायचे, देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत यायचे आणि मोबदल्यात काय घ्यायचे, हे सगळे जात ठरवी. चामड्याच्या वाद्याला हात लावणारा हात आणि त्या वाद्यावर नाचणारा पाय यांच्यात पाणवठ्याएवढे अंतर असे.

पाणवठ्याची उपमा महाडच्या संदर्भात सहज सुचत नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी इथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला याच गावी मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेने केवळ पाण्याचा हक्क मागितला नाही. मेलेली जनावरे ओढणे, मृतमांस खाणे अशी लादलेली हीन कामे आणि रिवाज सोडून द्यावेत, हेही तिथे सांगितले गेले. पुढे, विशेषतः १९५६च्या धर्मांतरानंतर, महाराष्ट्रात अनेक गावी पूर्वाश्रमीच्या महार कुटुंबांनी गावासाठी वाजवण्याचे परंपरागत काम नाकारले. त्यावरून बहिष्कार पडले, भांडणे झाली. तळ्याला हात लावण्याचा हक्क जसा होता, तसाच वाद्याला हात न लावण्याचाही हक्क होता.

अशा मुलखात बेंजो आला. तो लाकडाचा, पोलादाचा आणि विजेचा होता. नागोयाहून निघून गिरणगावमार्गे आला होता. गावगाड्याच्या कोणत्याही चोपडीत त्याची नोंद नव्हती. तो वाजवण्याचा वंशपरंपरागत मान कोणाचा नव्हता आणि सक्तीही कोणावर नव्हती. वर्गणी काढा, पेटी आणा, रात्री ओटीवर बसून ‘सा रे ग म’ची बटणे शोधा आणि सुपारी घ्या. वाजवणारा बलुत्याचे धान्य घेत नाही, ठरलेली रक्कम घेतो, आणि दर पटला नाही तर येत नाही. पाण्यासाठी संघर्ष झालेल्या तालुक्यात ही लहान गोष्ट नव्हे.

तिचे अवास्तव कौतुकही करू नये. कोकणात वाडी बहुधा एकेका समाजाची असते, म्हणून वाडीचे पथकही एकाच समाजाचे निघते. गणपतीचा बेंजो आणि भीमजयंतीचा बेंजो पुष्कळदा वेगळ्या वाडीतून येतात. वाद्याला जात नसली तरी ते वाजवणाऱ्यांची वस्ती जुनीच आहे. शिवाय बेंजोच्या भोंग्याने खालूबाजाच्या सनईला मागे ढकलले, हेही खरे. गुलामी गेली म्हणून हर्ष मानायचा, की कला गेली म्हणून खंत, हा प्रश्न अभ्यासकांना सोपा वाटत नाही. तो सोपा नाहीच.

सुपारीच्या धंद्यात मुंबई आणि गाव यांची ये-जा कायम राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांच्या बाबतीत ते परत आत गेलेच नाहीत. गावकीच्या खोल्या रिकाम्या होत गेल्या, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. बेंजो मात्र दोन्हीकडे वाजत राहिला. महाड शहरात आजही रेल्वे येत नाही. कोकण रेल्वेचे जवळचे स्थानक वीर, आणि पोलादपूर तर मार्गापासून दूरच. म्हणून या पट्ट्यात चाकरमानी गणपतीला येतो तो मुंबई-गोवा महामार्गाने. पूर्वीचा हा १७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, आताचा ६६. सप्टेंबरच्या त्या लांबलचक वाहतूक कोंडीत टेम्पोवर ताडपत्रीखाली एखादी बेंजोची पेटीही अडकलेली असते.

२०१६ साली रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला. वस्तीतल्या बेंजोवाल्याला शोधत न्यूयॉर्कहून एक संगीतकार मुलगी येते, अशी त्याची कथा. चित्रपट फार चालला नाही. पण मिरवणुकीत ज्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, तो वादक नायक म्हणून पडद्यावर आला, एवढे त्याने साधले.

तोवर बेंजोपुढे नवा प्रतिस्पर्धी उभा होता. डीजेला ना सराव लागतो ना साथीदार. ट्रकभर स्पीकर आणि एक लॅपटॉप पुरतो. खालूबाजाविषयी बेंजोवाले जे बोलत, तेच आता डीजेवाले बेंजोविषयी बोलतात : जुनाट, बारीक आवाजाचा, पोरांना नाचवत नाही. आणि भोंग्यांनी कान किटवणारा म्हणून ज्याने तक्रारी झेलल्या, त्या बेंजोवाल्यालाच ‘डीजेपेक्षा हा बरा’ असे प्रशस्तिपत्रक मिळू लागले आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला सर्वसाधारणपणे बंदी आहे. ताशासह वाजणारी बेंजो पार्टीही ही मर्यादा पाळत असेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

एक बाब मात्र डीजेच्या ट्रकला जमत नाही. आंबेनळी घाटाच्या अंगाला आणि सावित्रीच्या वरच्या खोऱ्यात पोलादपूर तालुक्याच्या कित्येक वाड्या डोंगरउतारावर आहेत. तिथले रस्ते अरुंद, वळणाचे, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तेही बंद. शेवटच्या घरांपर्यंत पायवाटच जाते. गळ्यातली पेटी, एकाच्या डोक्यावर बारा व्होल्टची बॅटरी, दुसऱ्याच्या खांद्यावर भोंगा आणि मागे ताशेवाला, असे चौघे ती वाट चढून जाऊ शकतात. वर पोहोचल्यावर आधी चहा येतो, मग तारा पुन्हा सुरात लावल्या जातात.